विवऱ्याची फ्लॉपी

१८ नोव्हेंबर १९९१, सोमवार, सावदा

आज केळीवाल्यांच्या सहकारी संघात रुजू झालो. खोली बसस्टँडच्या मागे आहे. खिडकीतून केळीच्या वाळलेल्या पानांचा ढीग दिसतो, दुसरं काही नाही. बोलायला कोणी नाही म्हणून ही वही. धुळ्याला असताना देवपुरातल्या मित्रांशी बोलून डोकं रिकामं व्हायचं, इथे ते काम हिच्याकडे.

नोकरी अशी: सात गावांत संघाची सात केंद्रं. कोणी कोणत्या दिवशी केळी कापायची आणि कोणत्या वॅगनमध्ये भरायची, ती पाळी कॉम्प्युटर लावतो आणि प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी छापतो. चिठ्ठी हातात पडल्याशिवाय इथे कोणी बागेत विळा घेऊन जात नाही. कापलेलं केळं कोणासाठी थांबत नाही, हे मला पहिल्या तासाभरात पाच जणांनी सांगितलं. जसं काही धुळ्याच्या लोकांनी केळं पाहिलेलंच नाही.

हा सगळा प्रोग्राम पितांबरभाऊ बोरोले यांनी लिहिला आहे. वय बावन्न, खिशाला तीन पेनं, कॉलेजात कॉमर्स. पुस्तक वाचून प्रोग्रामिंग शिकले म्हणे. माझ्याकडे रीतसर डिप्लोमा आहे. आमचे चेअरमन जीवरामआबा आम्हा दोघांना समोर बसवून म्हणाले, "जूनपासून एकच राहीन. दोन-दोन कॉम्प्युटरवाले घेऊन संघाले काय लोनचं घालाचं हाये?"

पितांबरभाऊ हसले. मी नाही हसलो.

२० नोव्हेंबर

पितांबरभाऊंच्या टेबलामागे भिंतीवर एक कागद डकवलेला आहे. सात गावांची नावं, पुढे त्या गावाचं मशीन कोणतं, त्यावर डॉसची कितवी आवृत्ती, आणि प्रोग्राम कोणत्या कंपायलरने बांधायचा, म्हणजे मशीनच्या भाषेत आणायचा. तीन गावांना नवी मशीनं आहेत, चार गावांना सात वर्षांपूर्वीची. सात गावांचे सात देव, तसा प्रकार. रेल्वे वॅगनचा कोटा बदलते तेव्हा प्रोग्राम नव्याने बांधावा लागतो, आणि दर वेळी हे गृहस्थ बोट ठेवून कागद वाचतात. मला लाज वाटली, माझी नव्हे, त्यांची.

२९ नोव्हेंबर

आज कागद काढून टाकला. नवा कंपायलर मी धुळ्याहून आणलाच होता. बांधणीची आज्ञा अशी लिहून ठेवली, की कोणी काही वेगळं सांगितलं नाही तर डिफॉल्ट म्हणून सगळ्यांसाठी नवाच कंपायलर धरायचा, तोही वेगवान कोडच्या पर्यायासकट. एक आज्ञा, सात फ्लॉप्या, काम खलास.

पितांबरभाऊंनी कागद केराच्या टोपलीतून काढला, घडी केली, खिशात ठेवला. मग माझ्याजवळ येऊन बसले. "डिफॉल्ट कोनाले लागते, सांग बरं? ज्याच्याकडून बोलाले कोनी नसते त्याले. नव्या मशीनवाला तं आपलं सांगूनच घेईन. मंग डिफॉल्ट सगय्यात जुन्या मशीनचं धराव का नव्या?"

मी म्हटलं, भाऊ, जुन्याच्या पायात पाय अडकवून किती दिवस चालणार? ते म्हणाले, "बरं भो." हे "बरं भो" मला फार झोंबतं. वाद घालायची सुद्धा माझी लायकी नाही, असा त्याचा अर्थ.

१५ डिसेंबर, देवपूर

सुट्टीला घरी आलो. आईने विचारलं, तू नेमकं काय करतोस? तिला म्हटलं, गिरणीसारखं समज. आपण लिहिलेलं मशीनला कळत नाही. ते दळून त्याच्या जोगं करून देतो तो कंपायलर. जुनी गिरणी काढून मी नवी बसवली.

आई भाकरी थापत होती. म्हणाली, "मंग ज्याले खावानं शे त्याना दातस्ले इचारं का तू?"

अडाणी बाई, पण तोंडाने तिखट. मी म्हटलं, आई, तुला यातलं कळत नाही. ती म्हणाली, "नोकरी पक्की व्हई ना? माले तेवढंच कळस." तिला माझ्याबरोबर राहायला यायचं आहे. वडील गेल्यापासून मामाच्या घरी एका खोलीत काढते आहे. जून, जून, असं दिवसातून तीनदा म्हणते.

८ जानेवारी १९९२

नव्या कोट्याच्या फ्लॉप्या परवा गेल्या. काल विवऱ्याच्या केंद्रावरून लताबाईंचा फोन आला. त्या तिथलं जुनं मशीन चालवतात. पितांबरभाऊच हवे होते त्यांना. भाऊ बराच वेळ हळू आवाजात बोलत होते. मी विचारलं, काही तक्रार? म्हणाले, "नाही, घरचं हाये."

म्हणजे चाललं! सातही गावांत माझीच बांधणी, एक तक्रार नाही. आबांना मुद्दाम जाऊन सांगितलं. कागदाचा महिमा संपला.

१९ फेब्रुवारी

रीत आता अशी बसली आहे. मी सातही फ्लॉप्या बांधून पाचच्या आत पितांबरभाऊंच्या टेबलावर ठेवतो. लेबलं ते लिहितात, कारण अक्षर चांगलं आहे, दुसरं त्यांच्याकडे आहे काय? सकाळच्या एसटीने कंडक्टरच्या हाती फ्लॉप्या जातात. लेबलावर "बांधणी: सुकदेव पाटील" असं असतं. ते त्यांनी आपणहून सुरू केलं. वयाने का होईना, माणसाला आपली जागा कळते.

पाचनंतर मात्र ते घरी जात नाहीत. कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवर खटखट करत बसतात. आमचा शिपाई वना सांगत होता, साडेसहापर्यंत असतात. बहुतेक काहीतरी नवीन करून आबांना दाखवायचा बेत आहे. जून जवळ येतोय ना. आपण गाफील नको म्हणून वनाला लक्ष ठेवायला सांगितलं आहे.

२७ मार्च

तीन महिने, एकही तक्रार नाही. आबा आज सगळ्यांसमोर म्हणाले, "पोरगा हुशार हाये." पितांबरभाऊंनी मान डोलावली. इतकं कौतुक कसं करवतं त्यांना, ते कळत नाही. ढोंग असावं.

९ मे, शनिवार

पितांबरभाऊ बायकोच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी जळगावला गेले, मंगळवारपर्यंत. टेबलावर चिठ्ठी ठेवून गेले: "सहा केंद्रांच्या फ्लॉप्या रवाना. विवऱ्याची यादी उशिरा आली. ती फ्लॉपी मी आल्यावर पाठवतो. तुम्ही पाठवू नये."

तुम्ही पाठवू नये! कोणाला सांगतात हे? लेबल चिकटवायला ऑपरेशन होईपर्यंत थांबायचं?

११ मे, सोमवार

विवऱ्याची फ्लॉपी मी बांधली, लेबल मीच लिहिलं, सकाळच्या एसटीने पाठवली. माझं अक्षर इतकं काही वाईट नाही.

दुपारी पितांबरभाऊंचा जळगावहून ट्रंक कॉल. वनाला म्हटलं, साहेब मीटिंगमध्ये आहेत म्हणून सांग. दवाखान्यात बसून सुद्धा चैन नाही माणसाला.

चार वाजता लताबाई. "साहेब, एकसष्टच्या एकसष्ट लोकांची पाळी बुधवारची छापली. आन् मंग मशीन अडकलं. वाटू का चिठ्ठ्या?" मी म्हटलं, उन्हाळ्यात रेल्वे जादा वॅगन देते, तसंच काही असेल. मशीन चुकत नाही, माणसं चुकतात. वाटा. त्या म्हणाल्या, "पितांबरभाऊंले एकदा..." मी फोन ठेवला.

१३ मे, बुधवार

विवऱ्याची केळी जिथे वॅगनमध्ये भरतात त्या निंभोरा स्टेशनवरून आत्ताच आलो.

एकसष्ट जणांनी केळी कापली. विवऱ्याच्या वाट्याला आज वॅगन होत्या नऊ जणांपुरत्या. बाकीच्यांचे घड मालधक्क्यापासून रस्त्यापर्यंत रांगेने पडले होते. पारा चव्वेचाळीसवर. लोक विहिरीवरून पाणी आणून गोणपाटं भिजवत होते आणि ती घडांवर टाकेपर्यंत वाळत होती. इंदिराबाई नावाच्या एक बाई आपल्या ढिगावर लुगड्याचा पदर पसरून उन्हातच बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "चिठ्ठी तुमचीच होती ना रे, बापा?" त्यांच्या हातात चिठ्ठी होती. दाखवत होत्या, वाचता येत नसावी.

मी म्हटलं, चौकशी करतो.

१५ मे

केळी काळी पडली. लोकांनी ती मालधक्क्यावर तशीच सोडली. सावद्यापर्यंत वास येतो असं वना म्हणतो. मला तरी येतो.

ऑपरेशन लांबल्याने पितांबरभाऊ आज परत आले, येऊन थेट विवऱ्याला गेले. त्यांच्यामागे मी केंद्रांवरून परत आलेल्या जुन्या फ्लॉप्या काढून तपासल्या आणि सापडलं! जानेवारीपासून जुन्या चार गावांना गेलेल्या प्रत्येक फ्लॉपीवरचा प्रोग्राम माझा नाही. आकार वेगळा, आणि वेळ कायम संध्याकाळची: पाच चाळीस, सहा दहा, सहा पंचवीस. म्हणजे मी बांधलेलं पुसून हे आपलं काहीतरी घालत होते, माझ्या नावाच्या लेबलाखाली! चार महिने!

अंगाचा तिळपापड झाला. ज्याच्या फ्लॉपीत चार महिने हात घातला जातो, त्याच्याकडून बरोबर काम कसं निघणार? आबांना लेखी दिलं. सगळ्या वेळा, सगळे आकार, तक्ता करून.

२२ मे

चौकशी समितीची बैठक. आबांनी पितांबरभाऊंना विचारलं, "या पोराचे प्रोग्राम तुम्ही बदलत होते का?" ते म्हणाले, "हो. जुन्या चार गावांचे मी बांधत होतो."

"कोनाले इचारून?"

"कोनालेच नाही."

"विवऱ्याचा बी तुम्हीच बांधला?"

पितांबरभाऊ माझ्याकडे बघून म्हणाले, "नाही. फक्त तोच नाही बांधला."

काय हा उद्धटपणा! म्हणजे आपण हात लावला नाही म्हणून बिघडलं, असं सुचवायचं? समितीतले एक जण म्हणालेही, "म्हंजे चार महिने परवानगी नसताना केलं, आन् गरज होती तवा नव्हते."

लताबाईंना साक्षीला बोलवायचं का, असा प्रश्न निघाला. मी म्हटलं, ऑपरेटरला काय कळणार. अकरा तारखेच्या त्यांच्या फोनबद्दल मला कोणी विचारलं नाही. सांगावं का, असं दोनदा मनात आलं. पण विचारलं नाही तर आपण कशाला?

१ जून

पत्र मिळालं. कायम झालो. पितांबरभाऊंना कालपासून कमी केलं. आईला फोन केला, मामाच्या शेजाऱ्यांकडे. ती रडली. "देव पावना रे मना भाऊ," म्हणाली.

पितांबरभाऊंच्या खणात अकरा फ्लॉप्या निघाल्या, जुना कंपायलर आणि त्याच्या बरोबरचं बरंच काही. त्यांच्या स्वतःच्या असाव्यात, संघाच्या रजिस्टरात नोंद नाही. व्हायरसचा धोका असल्याने नष्ट कराव्यात असं मी लिहून दिलं. दोन साक्षीदारांसमोर पंचनामा झाला. कात्री मीच चालवली. फ्लॉपीच्या आतली चकती इतकी पातळ असते की कापताना हाताला काही लागतच नाही.

आणखी एक काम केलं. बिघाडाची नोंद करायचा एक छोटा प्रोग्राम लिहिला. गाव, तारीख, काय झालं, कारण. लोक कारण लिहायचा आळस करतात, म्हणून तो रकाना रिकामा सोडला तर काय छापायचं तेही घालून दिलं: "पूर्वीच्या प्रोग्रामरची हयगय." निदान वर्षभर तरी तेच खरं कारण असणार आहे.

३० जुलै

पावसाळाभर रेल्वेने कोटा बदललेला नाही, म्हणून तीन जुन्या गावांत मेमध्ये गेलेल्या फ्लॉप्याच चालू आहेत. विवऱ्यालाही त्यातल्याच एकीची नक्कल दिली, बिनबोभाट चालली. आई आली आहे. तिला इथलं पाणी जड वाटतं, पण खूश आहे.

७ सप्टेंबर

कोटा बदलला. नव्या फ्लॉप्या पाठवल्या, सातही माझ्या, कोणाचा हात न लागलेल्या.

तीन नव्या मशीनांवर उत्तम. चार जुन्या मशीनांवर काहीच नाही. दोन अडकली, एकाने पानभर एकच नाव छापलं, विवऱ्याचं सुरूच होईना. चारही ठिकाणी चिठ्ठ्या हाताने लिहाव्या लागल्या.

आता माझ्या फ्लॉपीत हात घालणारं तर कोणी नाही.

१२ सप्टेंबर

विवऱ्याला जाऊन आलो. लताबाईंनी चहा दिला. मी म्हटलं, जानेवारीपासून माझी फ्लॉपी इथे नीट चालत होती, आताच काय झालं?

त्या म्हणाल्या, "तुमची? तुमची तं कधी चाललीच नाही, साहेब. जानेवारीत पहिली आली तवाच मशीन अडकलं. मी पितांबरभाऊंले फोन केला. ते म्हने, पोरगा नवा हाये, बोभाटा करू नका, मी सांजच्याले थांबून बांधत जाईन. नाव त्याचंच राहू द्या, त्याची नोकरी पक्की व्हायची हाये."

मी कप खाली ठेवला. त्या पुढे म्हणाल्या, "तुम्हाले माहीत नव्हतं?"

एसटी यायला दीड तास होता. स्टँडवर बसून पाच चाळीस, सहा दहा, सहा पंचवीस, या सगळ्या वेळा आठवत राहिलो. तक्ता मीच केला होता, त्यामुळे पाठ आहेत.

१५ सप्टेंबर

दोष समजला. माझ्या वेगवान पर्यायात अशा काही आज्ञा येतात ज्या जुन्या प्रोसेसरला माहीतच नाहीत. आणि न कळलेल्या आज्ञेवर तो थांबत नाही, भलतंच काही करून मोकळा होतो. हे पुस्तकात लिहिलेलं आहे. तळटीपेत. पुस्तक नोव्हेंबरपासून माझ्या टेबलावर आहे.

पर्याय काढून बांधलं. आता प्रोग्राम अडकत नाही, पण जुन्या मशीनच्या मेमरीत मावतच नाही. नवा कंपायलर सोबत एवढं सामान बांधतो. जुना कंपायलर हवा. पुण्याच्या विक्रेत्याला फोन केला. तो हसला. "ती आवृत्ती कधीच बंद झाली साहेब. आता कोण ठेवतंय?" देवपुरातल्या चारही मित्रांकडे विचारलं. नाही.

कोण ठेवत होतं ते मला माहीत आहे.

२० सप्टेंबर, रविवार

पितांबरभाऊंच्या घरी गेलो. गल्लीतून दोनदा परत फिरलो, हे लिहून ठेवतो. ते ओट्यावर बसून शेजारच्या कोणाचा तरी रेडिओ दुरुस्त करत होते. "ये," म्हणाले, जसं काही मी रोज येतो.

आतून त्यांची बायको, पुष्पाबाई, आल्या. जाड भिंगांच्या चष्म्यातून माझ्याकडे नीट बघितलं. "हाच का तो धुय्याचा पोरगा? ज्याच्यासाठी तुम्ही सांजच्याले थांबत होते?"

"हाच. चहा टाक."

मी सगळं सांगणार होतो. लताबाईंचा फोन, समितीत गप्प बसलो ते, सगळं. तोंडातून एवढंच निघालं, "भाऊ, जुना कंपायलर पाहिजे होता."

ते लगेच म्हणाले, "माह्या खणात अकरा फ्लॉप्या हाये ना. मागून येऊन नेईन म्हटलं, मंग येनंच झालं नाही. माह्याजवळ दुसरा संच नाही, पन त्या अकरात सगळं हाये. आबांच्या कपाटात ठेवल्या असतीन. तूच घे, वापर." मग आत गेले आणि भिंतीवरचा तो कागद घेऊन आले. घड्यांवर फाटू लागला होता, तिथे पातळ कागद चिकटवलेला. "हे बी लागीन. कोन्या गावाले काय, ते याच्यात हाये."

मी कागद घेतला. फ्लॉप्यांचं म्हटलं, "बघतो." चहा प्यायलो, साखर जास्त होती, आणि निघालो. ओट्यावरून त्यांनी हाक मारली, "विवऱ्याचं आधी कर बरं. त्या बाईचं मशीन सगय्यात जुनं हाये."

मला माझी किळस येते. हे लिहिताना सुद्धा मी वाक्य चांगलं जमतंय का ते बघतो आहे.

९ नोव्हेंबर १९९२, सोमवार

दोन महिने सगळं करून पाहिलं. प्रोग्राम तोडून लहान केला, चार मशीनांपैकी एकावर अर्धा चालतो. संचालक मंडळाने आज ठराव केला: चार गावांची जुनी मशीनं बंद. चिठ्ठ्या पूर्वीसारख्या हाताने. मशीन नाही तर ऑपरेटर कशाला, म्हणून चौघांनाही कमी केलं, त्यात लताबाई. त्यांनी फोन करून एवढंच विचारलं, मशीनवर झाकायचं कापड माझं स्वतःचं आहे, ते नेऊ का? मी म्हटलं, न्या.

आबांनी मंडळासाठी नोंद मागितली, प्रत्येक केंद्राची वेगळी, कारणासकट. माझाच प्रोग्राम उघडून बसलो. गाव भरलं, तारीख भरली, काय झालं ते भरलं. कारण दोन ओळींत मावण्यासारखं आहे. बोटं ठेवली आणि काढली. आई संध्याकाळी विचारते, "काम बरं चालस ना?" तिला काय सांगू? पुन्हा मामाकडे चल?

रकाना रिकामा सोडला आणि एंटर दाबलं. प्रिंटरने छापलं: पूर्वीच्या प्रोग्रामरची हयगय. चार केंद्रं, चार वेळा.

चारही कागदांवर सही केली आणि वनाच्या हाती आबांकडे पाठवले.